खाज थांबली म्हणजे आजार गेला असे नाही

ऑगस्टमधला सोमवार. बाहेर झड लागलेली. पावसाने सोयाबीनची निंदणी-डवरणी थांबली, की शेतमजुरांना दवाखान्यात यायला सवड मिळते. त्या दिवशी ओपीडीची रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत जाते. तापा-खोकल्याचे रुग्ण असतातच, पण त्यांच्या बरोबरीने असतात ते खाजेचे.

पंचविशीतला एक तरुण समोर बसला. काय होतंय म्हणून विचारले, तर उत्तर न देता त्याने खिशातून तीन ट्यूब काढून टेबलावर ठेवल्या. तिन्ही शेवटपर्यंत पिळून चपट्या झालेल्या.

"मॅडम, हे लावलं की चार दिवस मस्त वाटते. सोडलं की डबल येते. आठ महिने झाले जी."

"घरात आणखी कोणाला आहे?"

"बायकोले आहे. आता लहान्याच्या पोटावरबी आलं."

पहिली ट्यूब मेडिकलवाल्याने दिली होती. दुसरी सोबतच्या मजुराने सांगितली होती. तिसरी एका दवाखान्यातून लिहून मिळाली होती. तिन्ही वेळा एकच गोष्ट राहून गेली होती. त्याची त्वचा कोणी नीट पाहिलीच नव्हती. जांघेतला आजार, दाखवायची लाज. आणि न दाखवताही ट्यूब मिळते म्हटल्यावर दाखवतो कोण?

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी सरकारी रुग्णालयांत जनरल ओपीडी पाहते आहे. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे तर मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबत कोणाला तरी न्यावे लागते. म्हणून त्वचेच्या आजाराचे पहिले निदान बहुतेक वेळा आमच्यासारख्या सामान्य डॉक्टरच्या टेबलावर होते, नाहीतर चुकते. ते का चुकते आणि चुकू नये म्हणून रुग्णाने व डॉक्टरने काय करावे, याबद्दल आज लिहायचे आहे.

नाव नंतर, आधी चार प्रश्न

पोटाच्या आजारात डॉक्टरला अंदाज बांधावा लागतो, सोनोग्राफी करावी लागते. त्वचेचा आजार डोळ्यांसमोर असतो. तरीही तो पाहायला भरपूर उजेड लागतो. मी रुग्णाला शक्यतो खिडकीजवळ उभे करते. एकच चट्टा न पाहता पाठ, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, नखे, टाळू हे सगळे पाहावे लागते. महिलांची तपासणी महिला कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत, पुरुषांची पुरुष कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत, पडद्याआड होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग चार प्रश्न. खाज येते का? रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला आहे का? आणि आजवर काय काय लावले? या चार उत्तरांतच बहुतेक वेळा आजाराची दिशा कळते. पाचवी गोष्ट म्हणजे हात लावून पाहणे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण तिची किंमत मला एका रुग्णाच्या बोटांनी शिकवली.

गजकर्ण: पूर्वीचे आणि आताचे

गजकर्ण म्हणजेच नायटा. हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. मधोमध सुरू होते आणि कडेकडेने पसरत जाते. म्हणून चट्ट्याची कड उठलेली, लालसर, खवल्यांची दिसते आणि मधला भाग त्या मानाने बरा वाटतो. घाम, ओलसर आणि घट्ट कपडे, एकमेकांचे टॉवेल वापरणे हे सगळे तिला मानवते.

मी नोकरीला लागले तेव्हा साधे बुरशीरोधक मलम तीन-चार आठवडे लावले, की बहुतेकांचे गजकर्ण जात असे. गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटले. चट्टे मोठे, अनेक ठिकाणी, अख्ख्या कुटुंबाला, आणि नेहमीच्या औषधाला दाद न देणारे. हा अनुभव फक्त आपल्या भागाचा नाही, देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांचा आहे. यामागे बुरशीचा एक वेगळा प्रकार असल्याचे आढळले. जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये त्याला 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असे नाव दिले. त्या नावात भारत आहे. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचे नेहमीचे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमला रोखते, त्याच्याच जनुकात या प्रकारात अनेकदा बदल झालेला असतो. त्यामुळे गोळ्या घेऊनही बुरशी तग धरते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडले आणि अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने आपल्या डॉक्टरांना सावध केले.

बुरशी बदलली हे खरे. पण तिला मोकळे रान मिळण्यात आपलाही हात आहे, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. तो हात त्या चपट्या ट्यूबमधून आला.

त्या ट्यूबमध्ये काय असते?

दुकानात खाजेवर मागितल्यावर मिळणाऱ्या अनेक मलमांत तीन-चार औषधे एकत्र असतात. एक बुरशीवर, एक जिवाणूंवर आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइड त्वचेचा दाह शमवते. लाली उतरते, खाज थांबते. रुग्णाला वाटते, औषध लागू पडले. प्रत्यक्षात खाज आणि लाली हा शरीराने बुरशीविरुद्ध पुकारलेला लढा असतो. स्टेरॉइडने शरीराचे हात बांधले जातात आणि बुरशी निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दाह दुप्पट जोराने उसळतो. माणूस पुन्हा ट्यूब आणतो. माझ्या त्या तरुणाचे आठ महिने असेच गेले.

याचा दुसरा तोटा डॉक्टरला होतो. गजकर्णाची ओळख पटवणारी गोल कडच पुसली जाते. चट्टा कधी इसबासारखा दिसतो, कधी नुसताच काळसर. मग पुढचा डॉक्टर फसतो आणि इसब समजून आणखी तीव्र स्टेरॉइड लिहितो. तिसरा तोटा कायमचा. जांघेत आणि काखेत त्वचा पातळ होऊन पांढरट-लाल भेगांसारखे पट्टे पडतात. ते पुढे फिकट होतात, पण पूर्ण जात नाहीत. चेहऱ्यावर अशी मलमे महिनोन्महिने लावली तर त्वचा लाल होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते आणि उन्हात आग होते. गोरेपणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांतही स्टेरॉइड असते. लग्न ठरलेल्या मुली हे मलम लावून येतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून अशी १४ स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे केले. त्याआधी बाहेरून लावायचे औषध म्हणून ती या अटीतून सुटत होती. नियम चांगला आहे. पण दुकानात ट्यूब मागणारा हात आपला असतो आणि घाईत चिठ्ठी लिहिणारा हात आम्हा डॉक्टरांचा. म्हणून दोष एकट्या दुकानदाराला देऊन चालणार नाही.

ट्यूबवरची बारीक अक्षरे एकदा वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला सांगा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड वाईट नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत योग्य जागी, योग्य ताकदीचे, ठरावीक दिवस दिलेले स्टेरॉइड उत्तम औषध आहे. पण गजकर्णावर ते लावू नये.

गजकर्णाचा उपचार: वेळ आणि चिकाटी

शंका असेल तेव्हा चट्ट्याच्या कडेवरचे खवले खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बुरशीचे धागे दिसले की निदान पक्के. ही तपासणी स्वस्त आहे आणि थोड्या वेळात होते.

औषधाची निवड डॉक्टर करतील. रुग्णाने काही गोष्टी पाळायच्या. मलम फक्त चट्ट्यावर नव्हे, तर कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे मलम चालू ठेवायचे. गोळ्या दिल्या असतील तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या. आताच्या गजकर्णात ही मुदत महिन्याहून जास्त असू शकते. यकृताचा आजार, हृदयविकार, गर्भधारणा किंवा इतर कोणत्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगायचे.

घरात ज्याला ज्याला चट्टे आहेत, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा. नाहीतर नवऱ्याचे जाते आणि बायकोकडून परत येते. टॉवेल, अंतर्वस्त्रे, पांघरुणे वेगळी ठेवा, कडक उन्हात उलटी करून वाळवा. झडीच्या दिवसांत ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. पावसात भिजलेली पँट अंगावरच वाळू देऊ नका. अंघोळीनंतर जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. आणि गजकर्ण वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहाचे पहिले निदान अशा चट्ट्यांवरून झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

रात्री वाढणारी खाज

दुसरा नेहमीचा आजार म्हणजे खरूज. आश्रमशाळा, वसतिगृहे, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे, जिथे माणसे दाटीने झोपतात तिथे ती पसरते. तिचे कारण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा एक किडा आहे. त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. गंमत अशी, की अंगभर पुरळ उठलेल्या माणसाच्या शरीरावरही हे किडे साधारण दहा-पंधराच असतात. खाज येते ती त्यांच्या अंड्यांची व विष्ठेची शरीराला आलेल्या ॲलर्जीमुळे. म्हणूनच पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर ती घरभर पसरलेली असते.

बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, बेंबीभोवती, पुरुषांच्या गुप्तांगावर पुरळ आणि रात्री असह्य खाज, शिवाय घरात इतरांनाही तेच, असे असेल तर खरूज समजावी. उपचार सोपा आहे, पण शिस्तीचा. परमेथ्रिन ५ टक्के हे मलम रात्री झोपताना मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावायचे. नखांच्या खाली, बेचक्यांत, कुठेही सोडायचे नाही. आठ ते बारा तासांनी अंघोळ करायची. आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायचे. तान्ह्या बाळांना व गरोदर महिलांना डॉक्टरांना विचारून. वापरातले कपडे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचे. धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

इथे फसगत वेगळ्या प्रकारची होते. किडे मेले तरी खाज आणखी दोन ते चार आठवडे राहू शकते. माणसाला वाटते औषध लागू पडले नाही. तो रोज परमेथ्रिन लावतो, त्वचा कोरडी पडते आणि खाज आणखी वाढते. गजकर्णात खाज जाऊनही आजार राहतो, तर खरजेत आजार जाऊनही खाज राहते. खाजेवरून उपचार ठरवायचा नाही, तो याचसाठी.

धुऱ्यावरचे गाजर गवत

चाळिशी-पन्नाशीतले शेतकरी येतात. चेहरा, मान, गळ्याचा व्ही, कोपरांच्या खोबणी काळ्या, जाड, खाजऱ्या झालेल्या. सदऱ्याखालची कातडी मात्र स्वच्छ. पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात थोडे उतरते. गजकर्ण समजून मलमे लावून दमलेले असतात. त्यांना मी विचारते, "धुऱ्यावर गाजर गवत आहे का?" उत्तर ठरलेले असते, "ते कुठं नाही जी?"

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आपल्या देशात पहिल्यांदा नोंदले गेले ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. परदेशातून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. सत्तरच्या दशकात पुण्याच्याच डॉक्टरांनी त्यामुळे होणारा त्वचादाह वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. या गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडून उघड्या त्वचेवर बसतात आणि ज्यांना ॲलर्जी होते त्यांना मोठा त्रास होतो. ही बुरशी नाही, संसर्गही नाही. इथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडच उपयोगी पडते. सोबत गवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटणे, ॲलर्जी असलेल्याने ते काम स्वतः न करणे, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुमाल आणि शेतातून आल्याबरोबर अंघोळ. निदान बदलले की तेच औषध विषाचे अमृत होते, आणि उलटही.

पांढरा डाग दिसला की

पांढऱ्या डागाइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. त्यामुळे सगळ्या पांढऱ्या डागांना एकच नाव दिले जाते. पण ते निरनिराळे असतात.

लहान मुलांच्या गालावर फिकट, किंचित खवल्यांचे डाग दिसतात. आजी म्हणते जंत झाले, शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी. बहुतेक वेळा ती कोरड्या त्वचेची सौम्य तक्रार असते. साधे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन आणि थोडा धीर एवढे पुरते.

तरुणांच्या छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, नखाने घासले की बारीक कोंडा निघतो. ते शिबं. हीसुद्धा बुरशी, पण गजकर्णापेक्षा वेगळी. ती आपल्या त्वचेवर एरवीही राहते आणि घामाच्या दिवसांत वाढते. औषधाने जाते, मात्र रंग परत यायला काही महिने लागतात. रंग आला नाही म्हणून औषध बदलत राहू नये.

दुधासारखा पांढराशुभ्र, स्पष्ट कडांचा, खवले नसलेला डाग म्हणजे कोड. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. कोड स्पर्शाने पसरत नाही. त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. लवकर उपचार सुरू केले तर अनेकांचा रंग बऱ्यापैकी परत येतो.

आणि चौथा, फिकट किंवा लालसर डाग. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कोणाला त्रास नाही. तो मात्र सोडून द्यायचा नाही.

ज्या डागाला मी हात लावला नाही

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. दुपारी एक वाजला होता. ओपीडी संपत आली होती. तिशीतली एक शेतमजूर बाई आली. डाव्या हाताच्या कोपराखाली फिकट, गोलसर डाग. खाज येते का, विचारले. "नाही येत जी." मी गजकर्णाचे मलम लिहिले. चिठ्ठी हातात देईपर्यंत मिनिटही लागले नसेल.

दीड वर्षाने ती परत आली, ती चुलीवर हात भाजला म्हणून. भाजल्याचे तिला कळलेच नव्हते. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट आत वळलेले. कोपराच्या मागची नस दोरीसारखी जाड लागत होती. डागावर कापूस फिरवला, तिला काहीच जाणवले नाही. कुष्ठरोग होता. औषधाने आजार बरा झाला, पण बोटे पूर्ववत झाली नाहीत. निंदणीला तिचा हात पहिल्यासारखा कधी चालला नाही.

त्या पहिल्या दुपारी मला लागले असते ते फक्त कापसाचे एक बोंड आणि अर्धे मिनिट. तिला डोळे मिटायला सांगायचे, कापूस टेकवायचा आणि जिथे जाणवेल तिथे बोट ठेवायला सांगायचे. न खाजणारे गजकर्ण क्वचितच असते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर कापूस असतो आणि खाज नसलेल्या प्रत्येक डागाला मी तो लावते. चेहऱ्यावरच्या डागात मात्र संवेदना टिकून असू शकते. म्हणून तिथे जाणवले तरी मी नसा चाचपून पाहते.

बरा होणारा, पण वाट न पाहणारा आजार

आपल्या जिल्ह्याला या आजाराची आठवण जुनी आहे. वाशिमच्या पद्मतीर्थात स्नान केल्याने वासुकी राजाचा कुष्ठरोग गेला, अशी आख्यायिका इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्येही नोंदलेली आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या कथेतही त्वचारोगाने पीडलेला राजा आणि तळ्याचे पाणी आहे. औषध नव्हते त्या काळात माणसाने पाण्याकडे आशेने पाहिले, यात नवल नाही. पुढे याच विदर्भात वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये, अमरावतीत तपोवन येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये काम उभे केले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. समाजाने बाहेर काढलेल्यांना त्यांनी घर दिले.

आज घर सोडायची वेळ येण्याचे कारणच उरलेले नाही. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या आजाराचा जिवाणू शोधला. १९८० च्या दशकापासून आपल्याकडे बहुविध औषधोपचार मिळतो. आजाराच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने चालतो आणि सरकारी दवाखान्यात मोफत आहे. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. बहुतेक माणसांमध्ये या जिवाणूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असतेच. घरातल्यांना प्रतिबंधक औषधाचा एक डोसही दिला जातो. २०१९ मध्ये कायदा बदलून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकण्यात आले.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असा टप्पा आपण गाठला. 'निर्मूलन झाले' असे लोक म्हणू लागले आणि डॉक्टरांचीही नजर ढिली पडली. प्रत्यक्षात जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, वर्षाला एक लाखाहून जास्त. लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. म्हणून आशाताई घरी येऊन डाग विचारतात, तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नका.

उपचार चालू असताना डाग अचानक लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली किंवा हातापायाची ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या नस वाचवतात.

दवाखान्यात येताना

आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, गोळ्यांची पाकिटे, जडीबुटीचे तेल, जे असेल ते पिशवीत घालून आणा. रागावण्यासाठी नव्हे, तर निदानासाठी ते लागते. अंगावर दुसरीकडे कुठे डाग असतील तर विचारायच्या आधी सांगा. मलम लावून येऊ नका. घरात कोणाला तसेच असेल तर सोबत आणा. लिंबू, रॉकेल, बॅटरीतले पाणी असे काहीही चट्ट्यावर लावू नका. त्याच्या भाजलेल्या जखमा आम्हाला वेगळ्या भराव्या लागतात.

नवीन गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा कातडी सोलवटणे, किंवा पायावर झपाट्याने पसरणारी लाल, गरम, दुखरी सूज असे काही झाले, तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका. थेट तातडीच्या विभागात या.

आणि डॉक्टरने चट्टा न पाहताच चिठ्ठी लिहायला घेतली, तर नम्रपणे म्हणा, "एकदा पाहून घेता का?" हा रुग्णाचा हक्क आहे. त्या बाईने मला तसे म्हटले असते, तर बरे झाले असते.

त्या तरुणाचे खवले आम्ही तपासले. बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. तिन्ही ट्यूब बंद केल्या. पहिले दहा दिवस खाज उसळेल, घाबरून परत तीच ट्यूब आणायची नाही, हे त्याला तीनदा सांगितले. बायकोला आणि मुलाला बोलावून घेतले. मुलाच्या पोटावरही गजकर्णच होते. बायकोच्या पाठीवर, तिला स्वतःला कधी न दिसलेला एक फिकट डाग होता. मी कापूस घेतला आणि तिला डोळे मिटायला सांगितले. प्रत्येक वेळी तिने बरोबर जागी बोट ठेवले. खरवडल्यावर कोंडा निघाला. शिबं होते.

"काही नाही ना मॅडम?" तिने विचारले.

"काही नाही. पण पाहिलं म्हणून सांगता येतंय."